विकनरांची उमरावकी

गोथेनबर्ग, ४ सप्टेंबर १८१९

चि. इसाक यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सारं ठीक. राजाने तुला उमराव केल्याची बातमी आली तशी मी दुकानात येईल त्याच्या हातावर साखर ठेवली. शेजारीण म्हणाली, खारवलेल्या हेरिंग मासळीवर साखर आजच पाहिली! तुझं ते नवं विकेनक्रोना आडनाव मात्र माझ्या जिभेवर बसत नाही. आपले विकनरच बरे होते बाई.

पण तुझ्या एलेओनोराचं पत्र वाचून जीव तुटला. कप्तान निल्सला तू नकार दिलास म्हणे, उमरावाची लेक गलबतवाल्याला देणार नाही म्हणून. अरे, काल-परवापर्यंत आपण डांबर विकत होतो, एवढ्यात हे वारं शिरलं? पोरीला आई नाही, मी नाही बोलायचं तर कुणी? निल्स महिनाअखेरीस लिस्बनला निघतोय. हिरमुसून गेला तर तिकडचाच होईल. लवकर लिही, आणि रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई,
मार्गारेटा

स्टॉकहोम, ११ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या जिभेला मात्र कोपरापासून नमस्कार! अगं, हा सारा आटापिटा एलेओनोरासाठीच ना केला? निल्स गुणी आहे, पण त्याच्याशी लग्न केलं की पोर मिळालेला मान घालवून बसेल. रविवारी एका काउंटकडे जेवण आहे. तिला रेशमी झगा शिवलाय. चार घराण्यांतली मुलं येतील. तू काळजी करू नकोस, लोभ आहेच तो राहू दे.

तुझा,
इसाक विकेनक्रोना

स्टॉकहोम, १४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

काय लिहू? काउंटकडे मला वर, सरदारांच्या रांगेत बसवलं आणि एलेओनोराला पार खाली, पाद्री नि कारभाऱ्याजवळ. मी तणतणलो. कारभाऱ्याने अदबीने सांगितलं, की हल्लीच्या कायद्याने उमरावकी फक्त माझी एकट्याची, माझ्यामागे थोरल्या मुलाची. मुलगा नसेल तर संपली. बाईसाहेब व्यापाऱ्याच्याच कन्या. भरल्या ताटावर घास उतरेना गं. जिच्यासाठी केलं, तिच्या पदरात शून्य!

परतताना वाटलं, आता पोर फणकारणार. तिने माझे हात आपल्या हातमोजे घातलेल्या हातांत घेतले आणि विचारलं, की बाबा, तुम्ही नीट जेवलात का? तिकडे तुमच्याशी कुणी बोलतच नव्हतं, तुम्ही किती एकटे दिसत होता. मला रडू फुटलं, ताई.

निल्सला आजच बोलावून घे. माझा होकार सांग, माफीही माग. लग्न तुझ्याच घरी करू. पाद्री मानाची जागा देऊ लागला तर ऐकू नकोस. मला तुम्हा सगळ्यांत बसव, नाहीतर मी येतच नाही.

तुझा धाकटा,
इसाक