रोजच्या वापराचा बोर्ड

१ मार्च, शनिवार

आजपासून राग बंद. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून नव्हे, मला स्वतःला पटलंय म्हणून.

लेक तेवीस तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या गावी चालली. म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी एकदा आपण दोघं सर्फिंगला जाऊ. लाटांच्या पलीकडे जाऊन नुसते बसू." कॉलेजात असताना मी शॉर्टबोर्डवर, म्हणजे मुरलेल्यांच्या आखूड फळीवर, कसा उभा राहायचो, हे तिला लहानपणापासून ऐकवत आलोय. उद्याच बोर्ड घेतो. असातसा नको, रोजच्या वापराचा. कारण आता रोज जाणार.

२ मार्च, रविवार

दुकानदार अनवाणी फिरतो. दुकानात! तरी शांत राहिलो. दोन शॉर्टबोर्ड पसंत पडले. दोन्ही पांढरे, लांबी तीच, जाडी तीच. एकाची शेपटी, म्हणजे मागचं टोक, गोल, दुसऱ्याची सरळ कापलेली. फरक काय विचारलं, तर म्हणे फारसा नाही. मग दोन कशाला मांडून ठेवलेत?

नंतर म्हणतो, साहेब, आधी वजन सांगा. वजनावर बोर्ड ठरतो, लहान पडला तर बुडतो. मी बहात्तर सांगितलं. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं. तेव्हा त्याला शांतपणे समज दिली की मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, अख्ख्या बाजाराचे तराजू माझ्या सहीवर चालतात. शेजारच्या दुकानातली माणसं काय झालं म्हणून बघायला आली, पण ती मुळातच भोचक असावीत.

४ मार्च, मंगळवार

बायकोनं वजनकाटा पायाशी सरकवला. पंच्याण्णव दाखवतो. उघड उघड बिघडलाय. नियमाप्रमाणे नापास केला, गोणपाटात गुंडाळून तार बांधली आणि शिशाचं सील ठोकलं. ती म्हणते, माझं वजन तर बरोबर दाखवत होता. तिला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

८ मार्च, शनिवार

लेक म्हणाली, आज चल, कसलाही बोर्ड घे. कसलाही! रोजच्या वापराची वस्तू अशी घेतात का?

इंटरनेटवर एक जण सांगतो की गोल शेपटीचा वळतो छान आणि सरळ शेपटीचा पळतो छान. दुसरा नेमकं उलट सांगतो. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. दोघांनाही खरमरीत उत्तरं लिहिली. तेवढ्यात भरती निघून गेली. मला कुणी वेळेत सांगितलं नाही.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसातून परस्पर दुकानात. दोन्ही बोर्ड आळीपाळीनं काखेत धरून पाहिले. दुकानदार म्हणाला, तुमची मुलगी येऊन गेली, तुमच्यासाठी निळा बाजूला काढायला सांगितलाय.

निळा म्हणजे दरवाजाएवढा, मऊ फोमचा. पोरासोरांच्या शिकवणीला वापरतात तो! तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं माझं वजन किती सांगितलं, असं विचारलं तर दुकानदार छताकडे बघायला लागला. घरी येऊन तिला बोललो. नको तितकं बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मला तुझ्याबरोबर जायचंय. बोर्डाबरोबर नाही."

दार आपटलं.

१५ मार्च, शनिवार

ठरलं. गोल.

संध्याकाळी: सरळ.

१६ मार्च, रविवार

लेक मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली. मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पण विचारायला काय जातं?

२१ मार्च, शुक्रवार

दोन्ही घेतले. याला म्हणतात निर्णयक्षमता. बायकोनं बोलणं सोडलंय. घरात जरा शांतता.

२२ मार्च, शनिवार

सकाळी लेक आणि मी समुद्रावर. तिनं तो निळा भाड्यानं आणून वाळूवर ठेवला होता. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गोल शेपटीचा घेतला. त्यावर आडवा झालो तर बोर्ड पाण्याखाली गेला, माझ्यासकट. कारखान्याचा दोष. सरळ शेपटीचा घेतला. तोही गेला. दोघांत फारसा फरक नाही, हे दुकानदाराचं म्हणणं तेवढं खरं निघालं.

लाटा मला पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकत होत्या. लेक पलीकडे जाऊन बसली होती, समुद्राकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून. बराच वेळ. एकदा हात केला. मग लाटेवरून परत आली आणि म्हणाली, "निळा घे ना. एकदाच."

मी म्हणालो, "तो नवशिक्यांचा आहे."

तिनं आपला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि सामान बांधायला घरी गेली.

आज समुद्रच चुकीचा होता. घरी तसं सांगितलं, तर बायको कालपासूनचं पहिलं वाक्य बोलली: नाचता येईना, अंगण वाकडं. मी नाचायला गेलोच नव्हतो.

२३ मार्च, रविवार

लेकीची बस वेळेवर सुटली. एरवी कधी सुटत नाही. चौकशीच्या खिडकीवर तक्रार केली. वेळेवर सुटल्याची तक्रार घेता येत नाही म्हणाले. नालायक लोक.

३० मार्च, रविवार

निळा घरीच पडून होता, तो परत करायला निघालो होतो. भाडं चढतंय. समुद्र वाटेतच लागतो, म्हणून सहज पाण्यात टाकला.

बुडाला नाही. लाटांच्या पलीकडे पोचलो. तिथे थोडा वेळ बसलो. शेजारी भरपूर जागा होती. परतताना उभा राहिलो, अगदी किनाऱ्यापर्यंत. बघायला कुणी नव्हतं. लेकीला फोन लावला, ती कामात होती. नंतर करते म्हणाली.

घरी येऊन काट्याचं सील तोडलं. त्यावर उभा राहिलो.

काटा बरोबर आहे.