लळा लावायचा नाही

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! मोठ्या इस्पितळात चौदा वर्षं ड्यूट्या केल्या, खिडकीतून कायम समोरची भिंत दिसायची. इथे पटांगण, झोपाळे आणि अकरा मुलं दिसतात. बालगृहाची नर्स म्हणजे आरामाची नोकरी, असं धाकट्या बहिणीचं म्हणणं. तिचं पहिल्यांदाच काहीतरी खरं ठरेलसं दिसतंय. दवाखान्याची खोली लहान पण लख्ख आहे. कपाटातला साठा तपासला तर कापूस, पट्ट्या, मलम, सगळं वर्षभर सीलबंद. अकरा मुलं आणि एकाचाही गुडघा फुटला नाही? एक तर मुलं संत आहेत, नाहीतर आधीच्या नर्सबाई आळशी.

इथल्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी एकच नियम सांगितला. ताप बघा, औषध द्या, पण कुणाला लळा लावायचा नाही. मांडीवर घेणं नाही, लाडाचं नाव नाही. मी मान डोलावली. असल्या नियमांना मी जन्मात भीक घातलेली नाही.

बुधवार, ६

स्वयंपाकाच्या मावशी मुलांशी तुसडेपणाने वागतात. ताट आदळतात, नाव घेत नाहीत. शेवटी मी त्यांना बोलले. त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जुना भाजल्याचा डाग. तेल उडालं का, विचारलं, तर म्हणाल्या, उडालं, पण पोराच्या हातावर. बाईंचा बोलताना घोटाळा होतो बहुतेक.

शनिवार, ९

सगळ्यात लहान मुलगी सहा वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले, दिवसभर माझ्या स्टुलावर बसून प्रश्न विचारते. मी तिला पिटुकली म्हणते. कुणी आपल्याला वेगळं नाव ठेवलंय, याचंच तिला केवढं अप्रूप.

आज झोपाळ्यावरून दगडावर आपटली. मी धावले. अंगावर ओरखडासुद्धा नाही. आंघोळीच्या वेळी पाहिलं तर माझाच गुडघा फुटलेला, रक्त मोज्यापर्यंत आलेलं. उंबऱ्याला लागला असेल. कपाटातलं पहिलं सील माझ्यासाठीच फोडलं, म्हणजे बघा.

मंगळवार, १२

मोठ्या बाईंसमोर बसले होते. एकदम कळ आली आणि डोळ्यांदेखत माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. बाहेर पिटुकलीचं बोट दारात सापडलं होतं.

बाईंनी दार लावलं आणि सांगितलं. या मुलांना लागलेलं, त्यांच्यावर ज्याचा जीव जडतो त्याच्या अंगावर जातं. पळूनही उपयोग नाही. आधीच्या नर्सबाई दोन दिवसांच्या प्रवासावर भावाकडे गेल्या होत्या. इथे एक मुलगा विहिरीत पडला, आणि त्या तिकडे कोरड्या पलंगावर बुडून मेल्या. मुलगा हसत बाहेर आला.

उपाय एकच म्हणे, मन काढून घ्या. मन म्हणजे काय जखमेचे टाके आहेत, धरले आणि काढले?

गुरुवार, १४

प्रयत्न केला. पिटुकलीला आत येऊ दिलं नाही. दुपारभर दाराबाहेर उभी होती. मी आत बसून तिच्या वाईट खोडींची यादी केली. नाक ओढते, खोटं बोलते, साखर चोरते, चोरून वर मलाच आणून देते. यादी संपेपर्यंत हसायला लागले. मग रडले.

शुक्रवार, १५

तिला मारलं. मुद्दाम, जोरात, गालावर. तिने माझा तिरस्कार करावा, मला तिचा वाटावा म्हणून.

गाल माझाच पेटला. पाचही बोटं उठलीत.

ती रडली नाही. आधी स्वतःचा गाल चाचपला, मग माझ्याकडे पाहिलं. आनंदाने टाळ्या पिटत बाकीच्यांना सांगायला पळाली.

शनिवार, १६

सगळी मुलं ओळीने आली, शहाण्यासारखी. आम्हीपण आवडतो का, विचारत होती. नाही म्हटलं.

उंच मुलीने स्वतःच्या तळहातात टाचणी टोचली. सगळे माझा हात बघत होते. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने —

अकरापैकी नऊ टोचण्या माझ्या तळहातावर उमटल्या. मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

रविवार, १७

डाव्या हाताने लिहितेय. उजवा मोडला. पायही. मुलं जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती, एकामागून एक. वाईट नाहीत ती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनसोक्त खेळतायत, एवढंच —

पिटुकलीला सांगितलं, मला दुखतं गं. डोळे भरून आले तिचे. मग विचारलं, तुला नाही दिलं तर मला दुखेल ना.

म्हटलं, नको बाळा. मलाच दे.

सोमवार, १८. सकाळ

पाण्याच्या टाकीवर चढलीत. चार मजले. उड्या मारायच्यात — पिटुकली सगळ्यात पुढे —

दारापर्यंत सरकता येत नाही. ओरडून घसा बसला. मावशी खाली उभ्या आहेत, मोठ्या बाईपण. वर कुणी बघत नाही. दोघी माझ्या खिडकीकडे —

आत्ता तिला मनातून काढलं तर मी वाचेन. आणि ती —

कडेला आली. मला शोधतेय. दिसले. हात हलवतेय —

नको, पिटुकले, मागे — नाही, घाबरू नकोस, मी आहे, मी आहे ना, माझा जीव आहे गं तुझ्या —