शिडवालीचं दुकान

मंगळवार, १९ तारीख
बोटीवरून, सकाळी

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

‘तीर्थरूप’ वाचून तुम्ही हसाल, ‘मास्तरीणबाई आल्या’ म्हणाल. म्हणा. कागदावर तुम्हाला दुसरी कुठली हाक मारायची, ते मला अजून सुचलेलं नाही.

आईची तब्येत उत्तम आहे, तिची काळजी करू नका. फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. बोटीवर फोन नीट लागत नाही, हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं असं की फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणून ठेवून देता आणि सांगायचं ते माझ्या तोंडातच राहतं. आज दुपारी बोट बंदराला लागली की हे टपालात टाकीन. आमच्या, म्हणजे बोटीच्या, आधी ते पोहोचेल.

गणवेशांचं शिवणकाम कसं चाललंय? तुम्हीही आला असतात तर बरं झालं असतं, असं मी रोज म्हणते. तुम्ही म्हणालात, दुकान कोण बघेल, तुम्ही दोघी जा. माझ्या पगारातून काढलेली पहिली सहल, आणि तीही जुन्या बंदरांची. मला वाटलं होतं, वर्षानुवर्षं मी पुस्तकातून वाचलं ते आईला प्रत्यक्ष दाखवीन.

पहिल्या बंदराची तटबंदी बघून ती म्हणाली, “दगडच आहेत ना? चपला घालून चालतं का?” माझं सगळं व्याख्यान तिने हातपंख्याने वारा घेत ऐकलं. दुसऱ्या बंदरात व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. तिथे मात्र तिने मध्येच विचारलं, “माल कुणी आणला, कुणी विकला, सगळं भिंतीवर लिहिलंय. पोती कुणी शिवली?” मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी तिला म्हटलं, “आई, हाच खरा इतिहासाचा प्रश्न. असंच स्वतःच्या डोक्याने बघ. माझ्या मागे मागे फिरू नकोस, तुला हवं तिथे जा.” बाबा, हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

इथलं जेवण चांगलं असतं. वाढपी अजूनही दोन ताटं आणतो आणि मी एक परत पाठवते. त्याला नीट सांगायला हवं, पण काय सांगायचं ते ठरत नाही.

आता लिहितेच. आई बोटीवर नाही. तिसऱ्या बंदरात राहिली.

घाबरू नका, काही झालेलं नाही. मी वस्तुसंग्रहालयात गेले, तिला म्हटलं तू बाजार बघ. निघायच्या वेळी धक्क्यावर ती नव्हती. मी धावतपळत सगळा बाजार शोधला. जुन्या जकातघराच्या मागे एक दुकान आहे. होड्यांची शिडं आणि उन्हाचे पडदे तिथे शिवतात. मालकीण तुमच्याच वयाची, दणकट, तोंडाने फटकळ. सगळे तिला शिडवाली म्हणतात. फरशीभर जाड कापड पसरलेलं, आणि त्यावर गुडघे टेकून आपली आई. हातात ही मोठी कात्री.

“आई, चल, बोट सुटेल.”

“थांब गं, एवढं कापून होऊ दे.”

एक फाळका तिरका कापला गेला होता. मला वाटलं, आता ही बाई ओरडणार. ती म्हणाली, “गेला तर गेला. ठाणभर कापड पडलंय. पुढचा काप.”

आईने मान वर केली तेव्हा ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. म्हणाली, “मी राहते गं इथे. ह्यांना हाताखाली माणूस हवंय. मागची खोलीही रिकामी आहे.”

मी काय बोलले असेन? मी म्हटलं, “लोक काय म्हणतील?”

“हे तर माझं वाक्य होतं,” आई म्हणाली. शिडवाली खो खो हसली.

मी चिडले. म्हटलं, बाबा तुला कधी उणा शब्द बोलले नाहीत. ती म्हणाली, “नाही बोलले. कात्री वरच्या खिळ्याला टांगली.”

तुम्हाला आठवत असेल. मला आठवत नाही, मी तेव्हा रांगत होते म्हणे. आईने तिथेच सांगितलं, तिने गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही उलटी कापली होती. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त कात्री तिचा हात पोहोचणार नाही अशी टांगलीत. तेव्हापासून पडद्यामागे काजं, बटणं, हातशिलाई. मला ती नेहमी सांगायची, कापायचं काम बाबांचं, माझा हात त्यात बसत नाही. मी ते खरं धरून शिकले, पदवी घेतली, वर्गात मुलींना समानता शिकवते. आपल्याच घरातला खिळा मला कधी दिसला नाही.

पण बाबा, तुमचाही राग येत नाही. पहाटे उठून माझ्या फीसाठी तुम्ही दोघं मशीनवर बसायचात, ते कुठे ठेवू? आई सुटली म्हणून आनंद करू, की घर मोडलं म्हणून रडू? मोडलंय का तरी? “किती दिवस राहणार?” विचारलं तर म्हणाली, “ते मलाच ठाऊक नाही, तुला कुठून सांगू?”

बोटीचा भोंगा वाजला. आई म्हणाली, “जा, तुझी शाळा सुरू होतेय.” मी निघाले. का निघाले, अजून कळत नाही. तिची पिशवी समोरच्या बिछान्यावर तशीच आहे.

शुक्रवारी तुम्ही धक्क्यावर याल तेव्हा मी एकटी उतरेन. गर्दीत आईला शोधत उभं राहावं लागू नये म्हणून हे आधी लिहिलं. मला तिथे काही विचारू नका, घरी बोलू.

शिडवालीच्या दुकानाचा पत्ता कागदाच्या मागे लिहिला आहे. तुम्हाला काय निरोप देऊ, असं मी दारातून विचारलं होतं. आई कापडावरून उठली नाही. म्हणाली, “सांग, आले तर एक सदरा शिवीन त्यांचा. पण माप द्यायला स्वतः यावं लागेल. अंदाजाने मी कापत नाही.”

हे ती चेष्टेने म्हणाली की मनापासून, मला कळलं नाही. तुम्ही तिच्याबरोबर इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला कळेल.

दोघांचीही,
तुमची मुलगी