मावशीच्या गुडघ्याची कीर्ती

दि. ४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशीकडे येऊन पडले आहे. खरं तर पुढच्या गावाला जायचं होतं, पण तिकिटाच्या रांगेत एका गृहस्थांशी मांजरांवरून वाद झाला आणि गाडी गेली. त्यांचं मांजर दार उघडतं म्हणे! असो.

मावशीचा गुडघा वाईट आहे. आणखी टाळाटाळ केली तर तो कायमचा जाम होईल, असं डॉक्टर म्हणतात. पण बाई ऑपरेशनची तारीखच घेईना. का, ते ऐक. मावशी बॅले शिकवते, आणि बॅले काही पुस्तकातून शिकत नाहीत. बाईंनी करून दाखवायचं, पोरींनी जसंच्या तसं उचलायचं. मावशीने नवा नाच बसवला, तर पोरींनी तिचं लंगडणंही उचललं! प्रयोगाला सगळ्या डावा पाय ओढत रंगमंचावर, आणि मावशी पडद्याआड कपाळाला हात लावून. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी लिहिलं, जखमी काळाची नवी देहभाषा जन्मली! आता देशोदेशीहून बोलावणी येताहेत, लंगडायला शिकवा म्हणून. गुडघा बरा झाला तर बोलावणार कोण, असं ती विचारते.

लोभ असू दे, काळजी कमी कर.
तुझी भिंगरी

दि. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मांजराबद्दल एवढं लिहिलंस, जेवतेस की नाही त्याबद्दल अवाक्षर नाही.

माझी धाकटी बहीण पहिल्यापासून अशीच. लहानपणी पाय मुरगळला तेव्हाही नाचाचा वर्ग चुकेल म्हणून बोलली नाही. मोजा काढताना मीच पकडली. तिला सांग, जन्मभर बोटांवर उभी राहिलीस, आता जरा टाचा टेक. बाबा विचारताहेत, समीक्षकांना माझी सायटिका पाठवली तर चालेल का? तिने तारीख घेतल्याशिवाय तू तिथून हलायचं नाहीस. तुला एका जागी बसवायला तिचा गुडघा बिघडावा लागला!

मायेत उणं नाही, पत्रात ठेवू नकोस.
तुझी आई

दि. २० जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं. माझ्या बोलण्याने नव्हे. वर्गातली सर्वात गुणी मुलगी घरी जायला निघाली, तरी लंगडतच होती. मावशी तिच्यावर ओरडली, ही नाटकं वर्गापुरती ठेव. पोर रडायला लागली. सराव करून करून तिचा गुडघा खरंच सुजला होता. मावशी खाली बसायला गेली, तर स्वतःचा गुडघा वाकेना. तशीच भिंतीला धरून तिने डॉक्टरांना फोन लावला.

बोलावणी रद्द झाली. मावशीच्या पायातला आशय संपला, असं छापून आलंय. तिने तो कागद घडी घालून बर्फाच्या पिशवीखाली ठेवला, टेबल ओलं होऊ नये म्हणून. आता ती खुर्चीत बसून पोरींना नुसतं सरळ चालायला लावते, दारापासून खिडकीपर्यंत. पालक कुरकुरतात, हे तर आमची पोरं घरीच शिकली होती! मीही चालून पाहिलं. आईशप्पथ, अवघड आहे.

काल ती मुलगी न लंगडता खिडकीपर्यंत पोचली. मावशीने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की वर्गाला साथ करणारे पियानोवाले आजोबा दचकून जागे झाले.

लोभ आहेच, त्यात मावशीचाही वाटा धर.
तुझी भिंगरी