थोरल्याने वाटे करावेत

४ फेब्रुवारी २००२
आज पहाटे गोदेवर स्नान केलं, काळारामाचं दर्शन घेतलं आणि सभामंडपातच बसून केस स्पर्धेचा फॉर्म भरला. एका कंपनीची अडचण देतात, तोडगा मांडायचा. विषय : कॉर्पोरेट रिस्ट्रक्चरिंग, म्हणजे कंपन्यांची फेररचना. सातपूरच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून संध्याकाळी मॅनेजमेंटचा डिप्लोमा करणारा, नामपूरच्या मराठी शाळेत शिकलेला, एकोणपन्नास वर्षांचा माणूस वर्गात मी एकटाच. टीम लीडर कोण होणार हे उघड आहे.

६ फेब्रुवारी
तिघांची टीम. मी, तृप्ती आणि अमित. लीडर तृप्ती झाली. मी स्वतःच तिचं नाव सुचवणार होतो, तेवढ्यात त्यांचं ठरलं. वडीलधाऱ्याने मागे राहून मार्गदर्शन करावं. दोघंही मला काका म्हणतात. संकल्प : रोज दोन तास अभ्यास.

९ फेब्रुवारी, रात्री
केस मिळाली. दोन भावांची कंपनी. थोरला पंप बनवतो, धाकटा पाइप. पाइपात नफा, पंपात तोटा. धाकट्याला वेगळं व्हायचंय, थोरला सोडत नाही. अमितचं म्हणणं, थोरला हाच प्रॉब्लेम. मी शांतपणे सांगितलं की थोरल्याकडे दूरदृष्टी असते, ती बॅलन्स शीटमध्ये दिसत नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसले. पटलेलं दिसलं.
अभ्यास झाला नाही. लाइट गेले होते. अर्धा तासच, पण लय बिघडते.

१३ फेब्रुवारी
गोरक्षचा फोन. धाकटा भाऊ, नामपूरला शेत बघतो. पुन्हा वाटणीचं काढलं. मनोजची, म्हणजे त्याच्या मुलाची, सोयरीक जमत आली आहे, पण मुलीकडचे म्हणतात मुलाच्या बापाच्या नावावर काय आहे ते दाखवा. पाडव्यापर्यंत थांबतील, पुढे नाही. त्यांना दुसरं स्थळ आहे.
मी त्याला समजावलं की एकत्र राहण्यात सिनर्जी असते. तो म्हणाला, "दादा, मना वाटा माले दे. बाकी माले काही समजत नही."
तेच तर. व्यवहार समजत नाही म्हणूनच मी अकरा वर्षं वाटणी थांबवली. त्याच्याच भल्यासाठी.

१४ फेब्रुवारी
फोन चांगुणेने ऐकला होता. माझी बायको एरवी मोजकं बोलते. भाकरी थापता थापता म्हणाली, "रोज रामाच्या पाया पडता. रामाने राज्य सोडलं, तुमच्याने बांध सुटत नाही."
बायकांना धर्मातलं बारीक कळत नाही. रामाने राज्य सोडलं ते वडिलांच्या शब्दासाठी. आमच्या वडिलांनी असा कुठलाच शब्द दिला नव्हता.

२० फेब्रुवारी
टीमने डीमर्जर ठरवलं, म्हणजे एका कंपनीच्या दोन करायच्या. मी विरोध केला. हट्ट म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. उदाहरण दिलं : आमच्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. आता कंपनी अशी कापता येईल का? हे मी कसं होऊ नये ते सांगण्यासाठी म्हटलं होतं.
तृप्ती उठून उभीच राहिली. म्हणाली, काका, कमाल आहे. वाटे करणाऱ्याला मागाहून घ्यायचं असेल तर तो ते सारखेच करणार, मग व्हॅल्युएशनचं, कशाची किंमत किती याचं भांडण राहतंच कुठे? तीच आमची मुख्य स्लाइड झाली. मांडायची मी.
म्हणजे एकूण कल्पना माझीच. मी डीमर्जरच्या बाजूचाच होतो, फक्त योग्य वेळेची वाट बघत होतो.

२ मार्च
फायनलमध्ये आलो. चार टीम. मारुतीला नारळ फोडला. अमितने डीमर्जरला किती दिवस द्यायचे विचारलं. मी म्हणालो नव्वद. त्याला कमी वाटले. ठणकावून सांगितलं की टाळणाऱ्याला वर्षंही पुरत नाहीत, करणाऱ्याला नव्वद पुष्कळ.
गोरक्षचा फोन दोनदा येऊन गेला. स्पर्धेच्या ऐन धावपळीत माणसाने किती आघाड्यांवर लढावं?

१० मार्च, रात्री
आज फायनल. कोट भाच्याचा होता. बाह्या थोड्या आखूड, पण बोलताना हात वर नेले की लक्षात येत नव्हतं.
माझी स्लाइड उत्तम झाली. हॉल शांत. मग परीक्षक बाई, पुण्याच्या, चष्मा काढून म्हणाल्या, "पद्धत सुंदर आहे. तुमच्या घरी झाली का अशी वाटणी?"
देवाला मानणारा माणूस, खोटं कसं बोलणार? म्हणालो, व्हायची आहे.
"किती वर्षांपासून?"
"अकरा."
"मग कंपनीला नव्वद दिवस का दिलेत?"
हॉल हसला. बराच वेळ हसला. मी सांगणार होतो की शेत आणि कंपनी यांत मूलभूत फरक आहे, पण घंटा झाली.
तिसरा क्रमांक. चारांत. तृप्ती रागावली नाही. समोसा आणून दिला आणि म्हणाली, खाऊन घ्या काका. रागावली असती तर बरं झालं असतं.

१५ मार्च
पुण्याच्या बाईंना शेतीतलं काय कळतं? तरी ठरवलं : वाटणी करायची. कोणी हसलं म्हणून नव्हे. मनात होतंच.
अमावस्या नुकतीच गेली, पण होळी जवळ आहे. होळीआधी शुभ काम नको.

३० मार्च
मार्चअखेर. स्टोअर्सची मोजणी. या दिवसांत मला देवदर्शनालाही वेळ मिळत नाही.

१२ एप्रिल
आज खरोखरच अमावस्या. उद्या पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला एक. दुपारच्या एसटीने निघतो. वाटे मनात तयार आहेत. एकीकडे विहीर आणि थोडी जमीन, दुसरीकडे बरीच जमीन आणि विहीर नाही. धाकटा थोरल्याचा मान ठेवणारच. विहीर मला सोडेल. परीक्षक बाईंना हा मुद्दा सुचला नव्हता : माणूस ओळखून वाटे करता येतात.

१३ एप्रिल, गुढी पाडवा, नामपूर
गुढी उभारली. शेजारचे गोटीराम अण्णा पंच म्हणून आले. मी वाटे सांगितले. गोरक्षने विचारही केला नाही. मोठ्या जमिनीकडे हात करून म्हणाला, "हाऊ वाटा मना. विहीर तुले राहू दे, दादा."
डोळे भरून आले. हाच तो संस्कार. स्टँप पेपरवर सह्या झाल्या. मनोज पाया पडला.
मग एकटाच विहिरीकडे गेलो. सहा वर्षांत गेलो नव्हतो. पायऱ्या उतरून तळाला पोचलो. तिथे गोटीराम अण्णांची शेळी चरत होती. वर आल्यावर शेळी न्यायला आलेले अण्णा म्हणाले, मागच्या चार वर्षांपासून कोरडीच आहे, गोरक्ष त्याच्या वाट्याला गेलेल्या जमिनीतल्या बोअरवर कांदा काढतो, तुम्हाला माहीत असेल.
म्हणालो, माहीत आहे.
मुलीकडच्यांना निरोप गेला. वाटणी मी केली. कोणाच्या सांगण्यावरून केलेली नाही.