जुनी बाजू, नवी बाजू

१२ जानेवारी, रविवार
दिराचा फोन प्र.नी आज भावाला परत दिला. आठ दिवस वापरून पाहिला. नवाकोरा, चांगला. पण बटनं भलत्या जागी, इअरफोनचं भोकच नाही, आणि स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज अनोळखी.
"याच्यात मी पुन्हा आंधळा झालो," म्हणाले.
सहा वर्षांत प्र.ची नजर पूर्ण गेली, पण जुना फोन बोटांना पाठ. कोर्टाचं रोजचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, त्याच्याकडून वाचून घेतात, वकीलसाहेबांना तारखा सांगतात. एकोणीस वर्षांची कारकुनी त्या फोनावर टिकलीय. आता ऑफिसचं नवं अ‍ॅप. ३ फेब्रुवारीपासून सगळं त्यातच. आमच्या फोनात उतरत नाही, सिस्टीम जुनी म्हणे. आणि नवी टाकली तर तो ओळखीचा आवाज जाणार.

१४ जाने., मंगळ
संक्रांत. शाळेला सुट्टी. वाण आणायचं राहिलं. दुपारभर फोनावर वाचत बसले. एका फोनाच्या साठ्याचे दोन भाग करता येतात. एकात जुनी सिस्टीम, दुसऱ्यात नवी. लोकांनी केलंय. काहींचे फोन कायमचे बंदही पडलेत. ते प्र.ना वाचून दाखवलं नाही.

१९ जाने., रवि
सकाळच्या एसटीने अकोल्याहून अमरावती, दोघंही. रिझवानभाईंचं फोनदुरुस्तीचं दुकान. वय पन्नाशीचं, घाई नाही माणसाला.
"होते मॅडम. चौसष्ट जीबी हाय, चाळीस जुन्याले ठेवू, बाकी नव्याले. पन कंपनीचं लॉक खोललं का फोन पुरा साफ होते. पयले सगळं काढून घ्या, मंग या."
प्र.चा एकच प्रश्न. "आवाज तोच राहीन ना?"
"तोच राहीन सर. जुनं होतं तसंच परत टाकतो."

२४ जाने., शुक्र
बॅकअप झाला. नंबर, रेकॉर्डिंग, तारखांच्या नोंदी. दोनदा तपासलं.
"सगळं आलं?" प्र.नी विचारलं.
"सगळं."

२५ जाने., शनि
सकाळची शाळा करून एकटीच अमरावतीला. भाग पडले. नवी सिस्टीम सुरू झाली. जुनी होईना. कंपनीचं नाव येतं, पडदा काळा होतो, पुन्हा नाव. दोन तास तेच.
रिझवानभाई म्हणाले, "ठेवून जा. दोनतीन दिवस द्या मले."
रिकाम्या हाताने आले. प्र. दारातच उभे होते. पुढं केलेला हात त्यांनी हळूच खाली घेतला.

२७ जाने., सोम
प्र.नी साहेबांकडून सुट्टी घेतलीय. सकाळी मी निघेपर्यंत सहा वेळा विचारलं, किती वाजले. संध्याकाळी परत आले तर काहीच विचारत नाहीत. इअरफोन गळ्यात तसाच, दुसरं टोक खिशात. खिशात फोन नाही.
हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं.

२८ जाने., मंगळ
रिझवानभाई स्वतः फोन घेऊन अकोल्याला. "साडूकडे काम होतं," म्हणे. मला नाही वाटत. चहाच्या आधी फोन प्र.च्या हातात दिला.
जुनी बाजू सुरू झाली. आवाज तोच. प्र.चा चेहरा... लिहिता येणार नाही.
मग बोट थांबलं. फोन म्हणाला, "बिननावाचं बटन." पुढचं, तेही बिननावाचं.
काही अ‍ॅपमधल्या बटनांना नावंच नसतात. ती प्र.नी सहा वर्षांत एकेक करून स्वतः दिली होती. बॅकअपमध्ये ती आलीच नाहीत. मला तर असं काही असतं हेही ठाऊक नव्हतं. आणि मी 'सगळं' म्हणाले होते.
"कावून रडून राहिली?" प्र. म्हणाले. "नावंच तं हायत. पुन्हा ठेवू."

२९ जाने.
जेवणं आटोपून बसलो. मी बटनावरचं चित्र सांगते, ते नाव सांगतात, मी टाकते. 'साहेबाले धाड'. 'घाईत दाबू नको'. 'इथून मागं फिर'. एवढी वर्षं इअरफोन लावून ऐकायचे, म्हणून मला कधी कळलं नाही.
फोटोखालचं एक बटन. याचं काय?
"'सुधाले विचार'," म्हणाले.
"खरंच हेच होतं?"
"मंग? फोटोत काय हाय ते मले कोन सांगते?"
माझं नाव त्यांच्या कानात असं रोज वाजत होतं.

३० जाने.
नवीन अडचण. फोन सुरू करताना जुनी की नवी, ते निवडायचं. पडद्यावर दोन ओळी येतात, पण आवाज नाही. तो नंतर सुरू होतो. मला दिसतं म्हणून सुचलं नाही. रिझवानभाईंनाही नाही.
प्र.नीच काढलं. पॉवरचं बटन दाबून मनात वीस मोजायचे, मग आवाजाचं खालचं बटन एकदा, मग परत पॉवर. म्हणजे नवी. अकरा वेळा केलं, नऊदा जमलं.
बँकेचं अ‍ॅप आता कुठल्याच बाजूला उघडत नाही, फोनाचं लॉक काढलंय म्हणून. "बँकेत जात जाईन," म्हणाले.

१ फेब्रु., शनि
नवी बाजू, ऑफिसचं अ‍ॅप. उघडलं. वाचतंही. आवाज एका बाईचा. "लय घाई हाय तिले." बोर्डात एक नंबर शोधायला चार मिनिटं. संध्याकाळपर्यंत दोन. जुन्या बाजूला पंधरा सेकंद लागायचे.

३ फेब्रु., सोम
ऑटोने एकटे गेले. "तू शाळेत जा. संध्याकाळी सांगतो."
मधल्या सुट्टीत राहवलं नाही, फोन केला. त्यांनी उचलला, पण "थांबजो" म्हणून टेबलावर ठेवला. कट केला नाही. वकीलसाहेबांचा आवाज आला, "प्रभाकरराव, तेवीस नंबरची तारीख?"
मग काचेवर बोट. टक. टक टक. थांबलं. परत पहिल्यापासून.
"थांबा साहेब."
"घ्या, सावकाश."
टक टक.
स्टाफरूममधल्या बाया डबे आवरत होत्या. मी कानाला फोन लावून उभी. घंटा झाली, सातवी ब वाट पाहत होती. बोट चालूच होतं. फोन मलाच कट करावा लागला.