माझा जन्म आधीचा की तुझा?

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

पिस्कॅटवे, अमेरिका

तीर्थरूप बाळदादा (कागदोपत्री) ऊर्फ चिरंजीव बाळ (खरोखरचा) यास,

शिरसाष्टांग नमस्कार आणि अनेक आशीर्वाद. यातलं तुला लागू पडेल ते घे. गुडघे कसे आहेत? देवीला माझा नारळ पोचला का? (कागद पाठकोरा आहे. मागची तांदळाची जाहिरात वाचू नकोस, ती सवलत संपली.)

तर झालं असं. आपल्या इशिताला युरोपात शिकायचंय. एकसष्टच्या डिसेंबरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, म्हणजे आधी माझं, मग यशोधनचं, मग नातीचं. कायदा आता कडक होतोय, म्हणून घाई. पण माझ्या मॅट्रिकच्या दाखल्यावर जन्म जानेवारी बासष्टचा! तू शाळेत एकटा जायला भोकाड पसरायचास, म्हणून मला घरी थांबवून तुझ्याबरोबर घातलं आणि मास्तरांनी माझी तारीख अंदाजाने ठोकली. तुझी मात्र ऑक्टोबर एकसष्ट, अगदी खरी. वकील वीणा म्हणाली, "मावशी, तुमच्या आईला ऑक्टोबरात मुलगा आणि जानेवारीत मुलगी?" मी म्हटलं, "आई फार कामसू होती हो."

खरा माझा जन्म साठच्या श्रावणातला. हे मी सांगताच ह्यांचा चहा ठसक्यात गेला, कारण ह्यांचा जन्म जून एकसष्टचा! चाळीस वर्षं प्रत्येक भांडण "मी मोठा आहे, मला जास्त कळतं" इथे संपायचं. इशिता टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा, आजी इज युअर सीनियर!" हे म्हणाले, "मग आता मी हिला अहो म्हणू काय?" मी म्हटलं, "सवयीने जमेल." त्या दिवसापासून हे आपला कप आपण विसळतात. देवीची कृपा, दुसरं काय!

तुझी ताई (किंवा धाकटी बहीण)
अहिल्या

ता.क. पेडण्याच्या नोंदणी कचेरीत पोर्तुगीज काळातली माझी जन्मनोंद शोध. ती मिळाली नाही, तर पोरीचं जाणं अडेल.

ता.क. (ह्यांच्या हातचा) बाळराव, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय. नोंद मिळाली तर बरंच, पण तुम्ही शोधताना फार दगदग करू नये. पोरीला इथेही चांगली कॉलेजं आहेत.

ता.क. मी पाकीट पुन्हा उघडलं. नोंद मिळाली की जन्मदाखल्याच्या दोन प्रती काढ. एक वीणाला, एक दिवाणखान्यात फ्रेम करून लावायला. फ्रेमच्या खर्चाकडे मी बघणार नाही.